चिंचबोळाचा रस्ता कैसा पडला आणि अकलूजास भाकरी कैसी पोहोचली

रस्त्यावरून जाणारे समस्त लोक, मग ते पायदळ असोत, दुचाकीस्वार असोत की कमरेचे मणके हाती धरून रिक्षात बसलेले असोत, त्यांस विदित व्हावे. पृथ्वीवर राज्ये झाली आणि गेली, तट चढले आणि पडले, त्यांच्या हकिकती थोरांनी लिहिल्या. परंतु सोलापूर शहरी बाळीवेशीपलीकडे चिंचबोळ म्हणोन जो मुलूख आहे, तेथील रस्ता चढला आणि पडला, पुन्हा चढला आणि पुन्हा पडला, त्याची हकिकत कोणी लिहिली नाही. लिहावयास निघाले ते वाटेतच जायबंदी जाहले, ऐसे कित्येक म्हणतात. सबब जे डोळ्यांनी पाहिले आणि जे ओट्यावर बसून ऐकले, तितकेच येथे लिहिले आहे. मीठ पदरचे घातले नाही. तिखट मात्र मुलखाचेच आहे, त्यास इलाज नाही.

चिंचबोळाचा मुलूख लहान. दोन्ही अंगांस घरे, मध्ये रस्ता, एका टोकास हमरस्ता आणि दुसऱ्या टोकास चिंच. चिंच मोटारी वळवण्यास आड येते म्हणोन पूर्वीच तोडली, नाव राहिले. मुलखाचे कारभारी वेणीमाधवराव, कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त जाहलेले, मोठे खबरदार पुरुष, ज्यांनी उभ्या नोकरीत कोणताही कागद पुढे जाऊ दिला नाही आणि कोणताही परत दिला नाही. तेच रस्ता समितीचे अध्यक्ष. समितीची मसलत त्यांच्याच ओट्यावर बसे आणि हरएक मसलतीत एकच ठराव होई, की पुढील मसलत लौकर बोलवावी.

आणि मुलखाची खरी दौलत म्हणावी ती बसम्मा. तिच्या हातची कडक भाकरी प्रांतात नामजाद. ज्वारीची भाकरी पापडाहून थोडी जाड थापावी, तव्यावर भाजावी, मग मंद आचेवर वाळवून अशी कडक करावी की महिना दोन महिने जशीच्या तशी राहील. ऊन तिचे काही करीत नाही, थंडी काही करीत नाही, प्रवास काही करीत नाही. ती हार खाते एकाच गनिमापुढे, तो म्हणजे धक्का. हाताखालच्या बायका थापीत, बसम्मा भाजीत असे, आणि येडू म्हणोन एक इमानी गाडीवान आपला छोटा हत्ती, म्हणजे मालाचा टेंपो, आणून पुडे भरी आणि अकलूजास इंद्रायणीबाई दुकानदारीण यांजकडे पोहोचवी. अकलूजचे गिऱ्हाईक होते म्हणोन बसम्माची आणि त्या सर्व बायकांची चूल पेटत होती. सोलापुरात कडक भाकरी घरोघरी, पैसे मोजून तिला येथे कोण विचारतो?

आता रस्त्याची रचना सांगणे जरूर, त्यावाचून पुढील लढाई ध्यानी येणार नाही. किल्ल्याचा तट उभा असतो, रस्त्याचा तट आडवा निजलेला असतो. सर्वांत खाली माती, तिजवर मुरूम, त्यावर मोठी खडी, त्यावर बारीक खडी आणि सर्वांवर डांबराचा काळा शेला. वरून चाकाचा भार आला की डांबर तो खडीस देते, खडी पसरून मुरुमास देते, मुरूम आणखी पसरून मातीस देतो, ऐसा भार हातोहात वाटला जाऊन तळी पोहोचेतो हलका होतो. कचेरीतही ऐसेच वाटप चालते, फरक इतकाच की तेथे तळी पोहोचेतो भार जड होतो. मग खालची माती जितकी नरम, तितके वरचे थर जाड पाहिजेत. हा कायदा जुना आहे आणि तो सर्वांस ठाऊक आहे, म्हणोनच कोणी पाळीत नाही.

आणि सोलापुरी काळी माती हा सरदार दुतोंडी. ज्वारी पिकवावी तर हिच्यासारखी उदार नाही, रस्ता पेलावा तर हिच्यासारखी फितूर नाही. कोरडी असेतो दगडासारखी उभी राहील, पाणी प्याली की फुगेल, आणि सुकली की भेगाळून हात जाईल ऐसी फाटेल. पाण्याचा एक लोटा दाखवला की गनिमास सामील. तेणेकरून रस्त्याच्या अंगास गटार खोदलेले असते. किल्ल्याचा खंदक पाणी भरून ठेवण्यासाठी, रस्त्याचा खंदक पाणी हाकलून देण्यासाठी. इतकाच भेद, परंतु तो चिंचबोळाच्या ध्यानी राहिला नाही.

जाहले ऐसे, की रस्ता खराब झाला की बोळाचे लोक दरबारी अर्जी करीत, आणि अर्जीत शर्त घालीत की खणू नये, वरून ओतावे. खणले तर गाड्या दारी आणता येत नाहीत, आणि सण तोंडावर आला आहे. चिंचबोळात सण नेहमीच तोंडावर आलेला असे. मग कंत्राटदार येई, जुन्या शेल्यावर नवा शेला पांघरी, आणि तीन प्रहरांत रस्ता ऐसा काळाभोर चकाके की लोक त्यात भांग पाडून घेत. एकावर एक शेले चढत गेले आणि रस्ता उंच होत गेला आणि घरे जागीच राहिली. मग दुचाकी आत घेण्यास चढउतार पडू लागला. तेव्हा वेणीमाधवरावांनी प्रथम आपल्या दारापासून रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार बांधला आणि तो गटारावरून नेला. शेजाऱ्याने तो पाहिला आणि आपला जरा रुंद बांधला. त्याच्या शेजाऱ्याने आणखी रुंद. ऐसे करता करता दोन्ही अंगांचा खंदक बुजून गेला, आणि कोणासही आपण काही बुजवले ऐसे वाटले नाही, कारण जो तो आपल्या दारापुरताच शहाणा होता.

आणि गनीम आभाळातून येईल म्हणोन लोक मृगाकडे पाहत बसले, तो नळातून आला. नळास रोज पाणी नाही. ज्या दिवशी येई त्या दिवशी बोळात दिवाळी. आधी हंडे, मग टाक्या, मग उरलेल्या पाण्याने उतार धुवावा, दुचाकी धुवावी, रस्ता धुवावा. प्यावयास तांब्या मोजून आणि गाडी धुवावयास नळ मोकळा, ऐसी रीत. ते सर्व पाणी गटारात जावयाचे, तर गटार उतारांखाली मुजलेले. मग ते तेथेच मुरे आणि आडवे होऊन रस्त्याच्या पोटात शिरे आणि काळ्या मातीशी कानगोष्टी करी. मागील रस्त्याच्या उद्घाटनास तर समितीने मंडप घातला होता आणि त्याचे खांब रोवण्यास नव्या कोऱ्या डांबरात पहारीने भोके पाडली होती. मंडप निघाला, भोके राहिली. गनिमास वरचाही दरवाजा मोकळा जाहला. नारळ फुटला त्याच मुहूर्तावर रस्ताही फुटला, परंतु भाषणे लांबल्यामुळे कोणाच्या ध्यानी आले नाही.

मग रस्ता पडू लागला. प्रथम चाकांच्या वाटेने दोन लांब चाकोऱ्या दबल्या. मग डांबरावर मगरीच्या पाठीसारखी जाळी उमटली. मग त्या जाळीचे तुकडे सुटले आणि चाकांबरोबर हमरस्त्याकडे कूच करते जाहले. आणि बोळाची सर्वांत सखल जागा बसम्माच्या दारापुढे, तेथे सर्वांचे पाणी जमून ऐसा खड्डा पडला की त्यात बाभळीची फांदी रोवून निशाण उभारणे भाग पडले. येडूचा छोटा हत्ती त्यात एका अंगाने उतरे आणि दुसऱ्या अंगाने चढे, आणि आत पुड्यांमध्ये भाकरीचा संहार होई. टोपल्यांनी हमरस्त्यापर्यंत नेऊन पाहिले, तो नेणारी बाई ठेचकाळून टोपलीसह पालथी पडली. अकलूजाहून मोडक्या भाकरीचे पुडे परत येऊ लागले.

येथे एक बारीक गोष्ट लिहिणे प्राप्त आहे. परत आलेली मोडकी भाकरी बसम्मा टाकीत नसे, बोळात घरोघर वाटी. आणि कडक भाकरीचा चुरा दह्यात कालवून, वर शेंगाचटणी आणि तेलाची धार घालून खावा, हे सुख ज्याने घेतले त्यास रस्ता दुरुस्तीची घाई राहत नाही. वेणीमाधवराव दोन वेळ घेत. समितीचे इतरही मानकरी घेत. बसम्मा तक्रार घेऊन ओट्यावर आली की समिती फार हळहळे, आणि हळहळता हळहळता मिशीवरचा चुरा पुशी, आणि पुढील मसलतीचा ठराव करी.

ऐसे चालले असता अकलूजाहून इंद्रायणीबाईंचा बोलका खलिता मोबाइलवर आला. बसम्माने तो आधी एकटीने ऐकला, मग ओट्यावर नेऊन समितीस ऐकवला. "बसम्माकाकू, तुमी भाकरी पाठवताय का भुगा? गिऱ्हाईक माझ्या तोंडासमोर पुडा वाजवून दाखवतंय. लग्नसराई लागूस्तोवर मी थांबते. तवा बी अशीच आली तर मी दुसरीकडनं घेनार, वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटून न घेणे एवढेच बसम्माच्या हाती होते, आणि तेही तिला जमले नाही.

मग समितीने तातडीची मसलत केली आणि दरबारी अर्जी धाडली, की आणखी एक शेला पांघरावा, खणू नये, सण तोंडावर आहे. अर्जी घेऊन खासा पाहणीस आल्या त्या चेतनाबाई, रस्त्यांच्या इंजिनियर, वयाने लहान आणि बोलण्यात थोडक्या. त्यांनी निशाणाची फांदी काढली, खड्ड्यात वाकून पाहिले, आणि मजुरास हुकूम केला की येथे आणखी खणावे. समिती हबकली. खड्डा बुजवण्यास आलेल्या बाईने खड्ड्यात खड्डा पाडावा, हे कोणत्याही परिपत्रकात नव्हते. वेणीमाधवरावांनी तोंडी हरकत घेतली. ती तोंडीच राहिली.

खणता खणता जुन्या कारकिर्दी बाहेर आल्या. एक शेला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा, चपातीचे पदर सुटावे तैसे. त्यांच्याखाली खडी असावी ती खाली चिखलात बुडून गेलेली, आणि चिखल खडीच्या फटींतून वर चढून आलेला. मुरुमाचा पत्ताच नव्हता, तो कागदावर शहीद जाहला होता. सर्वांत तळी काळी माती, चेतनाबाईंनी मुठीत घेऊन दाबली तो बोटांमधून वर आली. आणि खड्ड्याच्या एका अंगाने पाणी पाझरत होते. ते कोठून येते म्हणोन पाहिले, तो बसम्माच्याच उताराखालून.

"रस्ता वरून मरत नाही, मावशी. खालून मरतो," चेतनाबाई म्हणाल्या. "वर कितीही कातडं चढवा, खाली पाणी आहे तोवर ते फाटणारच."

बसम्माने ती माती हाती घेतली आणि तिंबून पाहिली. "पीठ सैल झालं की वरनं किती बी कोरडं लावा, भाकरी परातीतनं उचलतानाच फाटतीया," ती म्हणाली. मग आपल्या उताराकडे पाहत राहिली. "म्हंजी माझ्याच दारातनं माझी भाकरी मोडतीया व्हय?"

"एकट्या तुमच्या नाही. सगळ्यांच्याच. तुमचं दार सखल, म्हणून इथं दिसतंय."

मग चेतनाबाईंनी हुकूम फर्मावला तो येणेप्रमाणे, की जोवर समस्त उतार निघून गटार मोकळे वाहत नाही तोवर डांबराचा एक डबाही बोळात येणार नाही. गटार वाहते जाहले की मातीही काढू, मुरूमही घालू, सर्व रीतसर करू. हुकूम ऐकून समस्त बोळाने एकमुखाने मान डोलावली आणि एकही हात हलला नाही. एक म्हणे आधी त्यांचा निघू द्या. दुसरा म्हणे माझा उतार पुरातन आहे. तिसऱ्याने गुडघ्यांचा दाखला काढला. वेणीमाधवराव म्हणाले की प्रथम उतारांची वर्गवारी ठरवण्यास उपसमिती नेमावी, आणि नेमली.

बसम्माचा उतार हा केवळ उतार नव्हता. येडू त्यास गाडीचे शेपूट टेकवी आणि पुडे सरळ आत सरकत. त्यावरच बसून बायका पुडे बांधीत. तरी दुसरे दिवशी सकाळी तिने येडूकडून पहार मागितली. येडू म्हणाला की अव्वा, लोकांचं बघा की आधी काय करत्यात. तिने पहार उचलून पहिला घाव घातला, मग येडूनेच पहार तिच्या हातून घेतली, आणि दुपारपर्यंत उतार निघाला, आणि खालचा खंदक काळा आणि दुर्गंधी असा उघडा पडला. बोळाने ते पाहिले आणि सुटकेचा निःश्वास टाकला, की जिच्या दारी खड्डा तिने मोडले, प्रकरण निकाली निघाले. आणि पाणी येण्याच्या दिवशी सर्वांनी आपापले उतार स्वच्छ धुतले.

तेव्हा बसम्माने ओळखले की हा किल्ला तोफेने पडणार नाही. जे किल्ले तोफेने पडत नाहीत ते रसद तोडून पडतात. परत आलेल्या शेवटच्या खेपेचा चुरा डबे भरून घरात होता. तो तिने उचलला, बोळाच्या मधोमध चालत, ओट्याओट्यापुढून नेला आणि पलीकडच्या गोठ्यात म्हशींस घातला. कोणी विचारले त्यास जबाब दिला, की ज्याचं गटार वाहतं त्याला भाकरी, तवर म्हशींला. पहिले दिवशी बोळ हसला. दुसरे दिवशीही हसला, परंतु जेवणानंतर. पुढे पुढे ताटावर बसून लोक दारातून गोठ्याकडे पाहू लागले, आणि म्हशी दिवसेंदिवस तुकतुकीत होऊ लागल्या, हे तर कोणासच बघवेना.

मग एक एक ठाणे पडू लागले. आधी गुडघ्यांचा दाखला काढणारा आपल्याच पहारीने उतार फोडताना सापडला आणि त्याचे गुडघे उत्तम चालत होते. मग पुरातन उतार गेला. मग रुंद उतार गेले. शेवटी एकटा वेणीमाधवरावांचा उतार राहिला, बालेकिल्ल्यासारखा. त्यांनी निग्रह बांधला की अध्यक्षाने सर्वांत शेवटी, ठरावानंतर. मग ताटावर बसले असता पद्मजाबाई, त्यांचे कुटुंब, यांनी दही वाढले, चटणी वाढली, तेल घातले, आणि पुढे काही वाढले नाही. रावांनी वर पाहिले.

"भाकरी हवी असेल तर पहार घ्या," पद्मजाबाई म्हणाल्या. "मी घेतली असती, पण अध्यक्ष तुम्ही आहात."

मग खासा स्वारी पहार घेऊन बाहेर पडली. पहारीचे कोणते टोक खाली धरावे, इतके विचारून घेतले, आणि उपसमिती बरखास्त जाहली.

मग खंदक मोकळे वाहू लागले आणि खरी मोहीम चालू जाहली. चेतनाबाईंनी हुकुमाप्रमाणे बोळ तळापासून खणवला, काळी माती गाड्या भरून हद्दपार केली, मुरूम थराथराने घालून पाणी मारून रोलरने दाबला. रोलर ऐसा डुलत चाले की जणू खासा ऐरावत, आणि येडूचा छोटा हत्ती बाजूस अदबीने उभा राही. मुरुमावर मोठी खडी, तिजवर बारीक खडी, हरएक थर दाबूनच पुढचा. आणि बोळाचे लोक रोज येऊन एकच सवाल करीत, की काळे कधी? खाली काय गाडले याचे कोणास अगत्य नव्हते. रस्त्याची पाठ मध्ये उंच आणि दोन्ही कडांस उतरती केली, पाणी गटाराकडे धावावे म्हणोन, तो कित्येकांनी तक्रार केली की रस्ता वाकडा जाहला, सपाट पाहिजे. चेतनाबाईंनी त्यांस एक तांब्या पाणी रस्त्यावर ओतावयास सांगितले. पाणी घरंगळून गटारात गेले. तक्रारदार म्हणाले की हे तर आम्ही आधीच म्हणत होतो.

शेवटी शेला पडला. लग्नसराई तोंडाशी आली होती, आणि या खेपेस खरोखरच आली होती. खेप सकाळी निघावयाची, तो आदले दिवशी वेणीमाधवरावांनी उद्घाटनाचा समारंभ योजला आणि मंडपवाला पहार घेऊन हजर जाहला. त्याने रस्त्याच्या मधोमध जागा न्याहाळली, पहार उचलली, आणि पाहतो तो त्याच जागी बसम्मा येऊन बसली.

"पहार खाली ठिव, बाबा," ती म्हणाली. "भोकं पाडायची हौस असंल तर अध्यक्षांच्या ओट्याला पाड. रस्त्याला लावू नको."

मंडपवाल्याने रावांकडे पाहिले. रावांनी पद्मजाबाईंकडे पाहिले. मग तेलाचे रिकामे डबे आणवले, त्यांत वाळू भरली आणि खांब त्या डब्यांत उभे केले. मंडप किंचित डुलत होता, परंतु भाषणेही डुलतच जाहली. वेणीमाधवरावांनी सांगितले की उतार प्रथम त्यांनीच फोडला. समस्तांनी टाळ्या वाजवल्या, कारण जो तो मनात आपलेच नाव घालून ऐकत होता.

दुसरे दिवशी सकाळी येडूने पुडे भरले. बसम्मा दारात उभी राहिली. गाडी हलली, जेथे निशाणाची फांदी होती त्या जागेवरून गेली, आणि आतून काही आवाज आला नाही. बसम्मा तरी गाडीमागून हमरस्त्यापर्यंत चालत गेली आणि तेथे उभी राहून कान देऊन ऐकत राहिली. मग घरी येऊन तवा चढवला, परंतु पीठ मळावयास घेतले नाही. दुपारी येडूचा मोबाइल आला. "अव्वा, बाईंनी पुडा कानापाशी धरून हलवला. वाजला न्हाय. दुसरा हलवला. त्यो बी न्हाय. पुढची खेप जास्ती पायजे म्हनत्यात." बसम्माने मोबाइल खाली ठेवला, परात पुढे ओढली आणि हाताखालच्या बायकांस हाका मारल्या.

संध्याकाळी वेणीमाधवराव दह्याची वाटी हाती घेऊन तिच्या दारी आले. खंदकावर आता दगडाची एक सुटी फरशी होती, तिजवरून जपून पाऊल टाकले, आणि परत आलेल्या मालाची चौकशी फार अगत्याने केली. बसम्मा म्हणाली की माल परत आला नाही. राव म्हणाले की थोडाफार तरी. बसम्मा म्हणाली की तुकडासुद्धा नाही. मग वाटीकडे पाहून तिने डब्यातून एक अख्खी भाकरी काढली, पौर्णिमेच्या चंद्रासारखी, आणि त्यांच्या हाती दिली.

"घ्या, सायेब. आता मोडून द्यायला रस्त्यात खड्डा न्हाय. तुमचं तुमी मोडा."

रावांनी भाकरी मोडली. त्याचा आवाज बोळभर ऐकू गेला. त्या रोजी चिंचबोळाच्या मुलखात मोडली ती येवढीच एक. खंदक वाहता, रस्ता उभा, अकलूज काबीज, ऐसी फत्ते जाहली, ती समस्तांनी ध्यानी ठेवावी आणि दारातला नळ बंद करावा.